आयएसडब्ल्यू: कॉलेजात शिकवायला शिकवणाऱ्या २४ तासांचं परीक्षण

इन्स्ट्रक्शनल स्किल्स वर्कशॉप, शिकवणाऱ्यांच्या तोंडी नुसतं आयएसडब्ल्यू, ही कॉलेज-विद्यापीठात शिकवणाऱ्यांसाठीची २४ तासांची कार्यशाळा आहे. ती सहसा तीन किंवा चार दिवसांत भरते. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात १९७० च्या दशकाच्या अखेरीस डग केर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती तिथल्या कॉलेज-शिक्षकांसाठी बेतली. आज अनेक देशांतली विद्यापीठं ती आपापल्या आवारात चालवतात. पीएचडी करता करता ट्युटोरियल घेणारे संशोधक विद्यार्थी, नुकते रुजू झालेले प्राध्यापक आणि वर्षानुवर्षं त्याच वहीवरून तास घेणारे ज्येष्ठ, सगळ्यांना एकच कार्यशाळा. परीक्षा नाही, गुण नाहीत. पूर्ण वेळ हजर राहिलात तर प्रमाणपत्र मिळतं.

मत आधीच सांगून टाकतो. कॉलेजात शिकवण्याच्या प्रशिक्षणाचे जे प्रकार आहेत, त्यांत नवख्या माणसाला सगळ्यात उपयोगी पडणारा हाच. पण तो बिघडवणंही तितकंच सोपं आहे, आणि बिघडलेली कार्यशाळा बाहेरून अगदी तशीच दिसते: तेच नाव, तोच आराखडा, तसंच प्रमाणपत्र. म्हणून नाव नोंदवण्याआधी गटात किती जण आहेत ते विचारा. एका गटात चार ते सहा जण असावेत. त्याहून जास्त असतील तर जाऊ नका.

वेळेचा हिशेब

ही अट कुठून आली ते आकड्यांतच दिसतं. कार्यशाळेचा गाभा म्हणजे दहा मिनिटांचा पाठ. प्रत्येक जण असे तीन पाठ घेतो, साधारणपणे दिवसाला एक. बाकीचे गटसदस्य विद्यार्थी होतात, आणि तेही विद्यार्थ्याचं सोंग न घेता. 'मी आता प्रथम वर्षाचा आहे असं समजा' हा प्रकार इथे नाही. पुरातत्त्वाचा प्राध्यापक रसायनशास्त्राचा पाठ ऐकतो तेव्हा त्याला खरोखरच काही येत नसतं, आणि त्याचा गोंधळ खरा असतो.

पाठाचं एक आवर्तन ४० मिनिटांचं धरतात. पहिली साधारण १० मिनिटं मांडामांडीची: साहित्य लावायचं, कॅमेरा तपासायचा, आणि आपल्याला नेमका कशावर अभिप्राय हवा ते सुलभकाच्या, म्हणजे कार्यशाळा चालवणाऱ्याच्या, कानावर घालायचं. मग १० मिनिटं पाठ. घड्याळ पाहणारा माणूस वेगळा असतो, आणि दहाव्या मिनिटाला तो खरंच थांबवतो. त्यानंतर ७ मिनिटं सगळे गप्प बसून लेखी अभिप्राय लिहितात आणि उरलेली १३ मिनिटं तोंडी अभिप्रायाची. पाच जणांच्या गटात तीन-तीन पाठ म्हणजे १५ आवर्तनं, म्हणजेच १० तास. सहा जण असतील तर १२ तास. उरलेल्या वेळात पाठाचं टाचण, उद्दिष्टं लिहिणं, प्रश्न विचारणं, अभिप्राय देणं-घेणं यांवरची सत्रं बसतात आणि थोडी उसंतही मिळते.

आता तेच गणित दहा जणांचं करा. ३० आवर्तनं, २० तास. बाकी सगळ्याला चार तास उरतात, त्यातच चहापाणी. मग आयोजक काय करतात? एक तर तीनऐवजी एकच पाठ ठेवतात किंवा लेखी अभिप्राय उडवून तोंडी अभिप्राय पाच मिनिटांवर आणतात. दोन्हींत जीव जातो तो एकाच गोष्टीचा: पहिल्या पाठात जे चुकलं ते दुसऱ्या पाठात बदलून पाहण्याची संधी. पहिला पाठ बहुतेकांचा व्याख्यानासारखाच होतो. दुसऱ्यात लोक धाडस करतात आणि तो बऱ्याचदा फसतो. तिसऱ्यात कुठे ताळमेळ बसतो. एकाच पाठावर थांबलं तर व्याख्यान आणि टाळ्या एवढंच पदरी पडतं.

शिक्षणशास्त्र शिकलेल्यांना हे सूक्ष्म अध्यापनासारखं वाटेल. १९६० च्या दशकात स्टॅनफर्डमध्ये घडलेल्या त्या पद्धतीशी याचं नातं आहेच, पण दोन फरक महत्त्वाचे. सूक्ष्म अध्यापनात एका वेळी एकच कौशल्य, उदाहरणार्थ प्रश्न विचारणं किंवा दाखले देणं, सुटं काढून घोटतात. इथे दहा मिनिटांत अख्खा पाठ, सुरुवात ते शेवट, उभा करायचा असतो. दुसरं म्हणजे तिथे निरीक्षक यादी घेऊन बसतो, तर इथे अभिप्राय देणारे त्या पाठात खुद्द विद्यार्थी म्हणून बसलेले लोक असतात. 'तुमची फळ्यावरची मांडणी व्यवस्थित होती' हे निरीक्षक सांगू शकतो. 'चौथ्या मिनिटाला तुम्ही चिन्ह बदललंत आणि तिथून पुढे मी फक्त मान हलवत होतो' हे शिकणाराच सांगू शकतो.

बॉप्सचा सांगाडा

पाठ बसवायला सहा टप्प्यांचा एक सांगाडा देतात. त्याच्या आद्याक्षरांवरून त्याला बॉप्स म्हणतात. ब्रिज-इन म्हणजे विषयात आणणारी सुरुवात, ऑब्जेक्टिव्ह म्हणजे उद्दिष्ट, प्री-असेसमेंट म्हणजे आधी काय येतं याची चाचपणी, पार्टिसिपेटरी लर्निंग म्हणजे शिकणाऱ्यांनी स्वतः करायचा भाग, पोस्ट-असेसमेंट म्हणजे शेवटची पडताळणी, आणि समरी म्हणजे समारोप. कागदावर हे सगळं फार सरळ दिसतं. प्रत्येक टप्प्यावर कुठे पाय घसरतो ते मात्र पाठ बसवायला घेतल्यावरच कळतं, म्हणून एक पाठ जवळून पाहू.

समजा, संख्याशास्त्राची संशोधक विद्यार्थिनी 'मध्यक', म्हणजे आकडे चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, शिकवणार आहे. पहिल्या मसुद्यात उद्दिष्ट असं असतं: 'विद्यार्थ्यांना मध्यकाची संकल्पना समजेल.' सुलभक चांगला असेल तर एवढंच विचारतो, 'समजलं हे तुला दहाव्या मिनिटाला कशावरून दिसेल?' मग उद्दिष्ट बदलतं: 'दहा मिनिटांनंतर सात आकड्यांच्या विस्कळित यादीतून मध्यक काढता येईल, आणि एक आकडा टोकाचा केल्यावर सरासरी व मध्यक यांतलं कोण हलतं ते सांगता येईल.' आता पाठ आपोआप आकार घेऊ लागतो.

ब्रिज-इनला एक मिनिट. सात जणांनी एक कोडं सोडवायला घेतलेली मिनिटं फळ्यावर: ३, ४, ५, ६, ७, ८ आणि ७९. शेवटचा मधेच झोपला होता. सरासरी १६ मिनिटं. पण सातांपैकी सहा जणांनी तर आठ मिनिटांतच संपवलं! मग हा १६ नेमका कुणाबद्दल बोलतोय? एवढ्यावर सुरुवात थांबायला हवी. नेहमीचा घोळ इथेच होतो. लोक तीन मिनिटांचा व्हिडिओ लावतात किंवा विनोद सांगतात. खोली हसते आणि विषय दाराबाहेरच राहतो.

उद्दिष्ट सांगायला अर्धं मिनिट, चाचपणीला एक. फळ्यावर ७, ३, ९, ४, ८, ५, ६ अशी यादी, आणि प्रत्येकाने आपापल्या कागदावर मध्यक लिहायचा. ज्याने ६ लिहिलं त्याला येतं. ज्याने ४ लिहिलं त्याने यादी चढत्या क्रमाने न लावता सरळ मधला आकडा उचलला. ज्याचा कागद कोरा, त्याला व्याख्येपासून हवं. एका मिनिटात तीन वेगळी निदानं हाती येतात. याउलट 'मध्यक कुणाकुणाला माहीत आहे? हात वर करा' असं विचारलं तर निम्मे हात अर्धवट वर येतात आणि त्यांतून काहीच कळत नाही. यापेक्षाही वाईट चूक म्हणजे चाचपणी चांगली करून तिच्याकडे काणाडोळा करणं. सगळ्यांनी ६ लिहिलं तरी टाचणात आहे म्हणून व्याख्या तीन मिनिटं सांगत राहायची! चाचपणीच्या निकालावर पुढचा रस्ता बदलणार नसेल तर तो एक मिनिट वाया गेला. टाचणातच दोन वाटा लिहून ठेवाव्यात: बहुतेकांना येत असेल तर अमुक, नसेल तर तमुक.

मग पाच मिनिटं प्रत्यक्ष काम. जोडीजोडीने सात चिठ्ठ्या, प्रत्येकीवर त्याच यादीतला एक आकडा. आधी चढत्या क्रमाने लावायच्या, मधली चिठ्ठी उचलून दाखवायची. मग ९ ची चिठ्ठी काढून तिथे ७९ ठेवायची आणि सरासरी व मध्यक दोन्ही पुन्हा काढायचे. सरासरी ६ वरून १६ वर उडी मारते, मध्यक ६ वरच बसून राहतो. हे हाताने केलेलं विसरत नाहीत. इथली ठरलेली चूक म्हणजे 'आपापसांत चर्चा करा, दोन मिनिटं' एवढंच सांगून सोडून देणं. चर्चेच्या शेवटी कागदावर काय उमटायला हवं ते सांगितलं नसेल तर लोक ओळखीपाळखीच्या गप्पा मारतात, आणि त्यात त्यांचा दोष नसतो.

दीड मिनिट पडताळणी, प्रत्येकाने एकट्याने: नवीन सात आकडे, मध्यक काढा, सर्वांत मोठा आकडा दसपट केला तर काय होईल ते लिहा. आठ आकड्यांची यादी द्यायचा मोह इथे बऱ्याच जणांना होतो. आठ आकड्यांत मधे दोन येतात, त्यांची सरासरी घ्यावी लागते, आणि ते तर शिकवलेलंच नाही. उद्दिष्ट एक, काम दुसरं, पडताळणी तिसरीच, हा बिघाड दहा मिनिटांच्या पाठात उघडा पडतो. अख्ख्या सत्रात तो परीक्षेपर्यंत दडून राहतो, आणि मग मुलं 'पेपर बाहेरचा आला' म्हणतात ते खोटं नसतं. शेवटचं एक मिनिट समारोपाचं, शक्यतो शिकणाऱ्याच्या तोंडून.

सांगाडा चांगला आहे, पण त्याचं स्तोम माजवणारे सुलभक भेटतात. सहाही टप्पे 'दिसले' की नाही यावर खुणा करत बसणं म्हणजे शिकवणं बाजूला ठेवून रचनेची हजेरी घेणं. एखाद्या पाठात चाचपणी आणि ब्रिज-इन एकाच प्रश्नात उरकतात, आणि ते उत्तम असतं. तत्त्वज्ञान किंवा साहित्याच्या पाठात उद्दिष्ट सुरुवातीलाच उघड केलं तर मजा जाते, ते शेवटी आलेलं बरं. अशा वेळी सांगाडा मोडायला जो सुलभक हरकत घेत नाही, त्याला कार्यशाळा कळली आहे.

अभिप्रायाची १३ मिनिटं

कार्यशाळेची खरी किंमत इथे आहे, आणि नासते तीही इथेच. प्रौढ, सुशिक्षित, एकमेकांशी उद्या काम करायचं असलेली माणसं एकत्र बसली की गोड बोलतात. 'छान झालं', 'आत्मविश्वास होता', 'थोडं हळू बोललं तर बरं'. पंधरा आवर्तनं अशी गेली तर २४ तास सत्कार समारंभात गेले असं समजावं.

चांगला सुलभक यावर दोन-तीन साधे उपाय करतो. लेखी अभिप्राय आधी आणि शांततेत घेतो, म्हणजे पहिला बोलणारा जे बोलेल त्याच्या मागे बाकीचे वाहवत जात नाहीत. प्रत्येक वाक्यात एक क्षण पकडायला लावतो: कुठल्या मिनिटाला, शिकवणाऱ्याने काय केलं, माझ्या डोक्यात काय झालं. 'तुम्ही फार भरभर जाता' असा शेरा असेल तर तो परत पाठवतो आणि त्याचं 'दुसरी आकृती पुसली तेव्हा मी पहिल्याच आकृतीत होतो' असं करून घेतो. तीन दिवसांत अभिप्रायाची पद्धतही बदलतो. पहिल्या दिवशी काय जमलं आणि काय सुचवाल, दुसऱ्या दिवशी काय थांबवावं, काय सुरू करावं, काय चालू ठेवावं, तिसऱ्या दिवशी फक्त शिकवणाऱ्याने मागितलेल्या गोष्टीवर. पाठ घेणाऱ्याने बचाव करायचा नाही, हा नियमही कडक हवा. 'वेळ कमी होता म्हणून' हे वाक्य सुरू झालं की सुलभकाने हात वर केला पाहिजे.

'मस्त समजलं' या शेऱ्यावर विसंबू नये, याला अभ्यासाचा आधारही आहे. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्राच्या प्रास्ताविक वर्गांवर झालेला आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की, सफाईदार व्याख्यान ऐकलेल्या विद्यार्थ्यांना आपण जास्त शिकलो असं वाटत होतं. चाचणीत मात्र स्वतः झटापट करून शिकलेले पुढे होते. म्हणून अभिप्रायाच्या टेबलावर पडताळणीचे कागद पसरलेले असावेत. पाचपैकी तिघांनी चुकीचं उत्तर लिहिलं असेल तर 'मस्त समजलं' ला अर्थ उरत नाही.

प्रश्नानंतरच्या शांततेवर जवळजवळ प्रत्येक गटात अभिप्राय येतो. शाळांमधल्या विज्ञानाच्या तासांवर अमेरिकी शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी केलेल्या अभ्यासात दिसलं की, शिक्षक प्रश्न विचारून सरासरी एकच सेकंद थांबतात, आणि तीन सेकंद किंवा जास्त थांबलं की उत्तरं लांबतात आणि जास्त मुलं बोलू लागतात. प्राध्यापक मंडळींची गत वेगळी नाही. स्वतः विचारायचं, स्वतःच उत्तर द्यायचं, आणि मग 'मुलं बोलतच नाहीत' म्हणायचं. तिसऱ्या पाठापर्यंत निदान ही सवय तरी सुटते. मनातल्या मनात पाच अंक मोजायचे, एवढाच उपाय.

व्हिडिओ

प्रत्येक पाठाचं चित्रीकरण होतं आणि ते फक्त पाठ घेणाऱ्याला मिळतं. सगळ्यांसमोर लावायचं नसतं. बरेच जण ते कधीच बघत नाहीत, कारण स्वतःचा आवाज ऐकवत नाही. संकोच पहिल्या पाहण्यात संपवून टाकावा आणि दुसऱ्यांदा कागद-पेन घेऊन बसावं. तीन रकाने पुरतात: विचारलेला प्रश्न, त्यानंतरची शांतता किती सेकंद, उत्तर कुणी दिलं. दहा मिनिटांच्या पाठाचा हा हिशेब अर्ध्या तासात होतो आणि बाकी सगळ्या सूचनांपेक्षा जास्त सांगून जातो. तिसऱ्या रकान्यात एकच नाव सारखं येत असेल तर वर्ग कुणासाठी चालतो ते कळलंच.

कॅमेरा सहसा शिकवणाऱ्यावर रोखलेला असतो. खोलीच्या पुढच्या कोपऱ्यातून तिरका लावून घ्या, म्हणजे शिकणाऱ्यांचे हात आणि कागदही दिसतात. आवाज दुरून नीट येत नाही, म्हणून मोबाइलवर वेगळं ध्वनिमुद्रण केलेलं बरं.

सुलभक आणि गटाची बांधणी

आयएसडब्ल्यूचे सुलभक बाहेरून आणलेले तज्ज्ञ नसतात. आधी स्वतः ही कार्यशाळा केलेले आणि मग फॅसिलिटेटर डेव्हलपमेंट वर्कशॉप नावाचं पुढचं प्रशिक्षण पूर्ण केलेले सहकारीच ती चालवतात. ते प्रशिक्षण साधारण पाच दिवसांचं असतं. ही रचना मला पटते, कारण सहकाऱ्याशी बोलताना माणूस परीक्षा देत नाही. पण त्यामुळे दर्जा माणसागणिक बदलतो. आयोजकांना सरळ विचारा: सुलभकाने पुढचं प्रशिक्षण घेतलं आहे का? उत्तर गुळमुळीत आलं तर सावध व्हा.

गटात मार्गदर्शक आणि त्याचाच पीएचडीचा विद्यार्थी नको. विभागप्रमुख आणि त्यांच्या हाताखाली नुकते लागलेले प्राध्यापकही नकोत. विद्यार्थी मार्गदर्शकाच्या पाठाला 'चौथ्या मिनिटाला मी हरवलो' असं कधीच लिहिणार नाही. विषयही मिसळलेले हवेत. पाचही जण एकाच विभागाचे असले की सगळ्यांना सगळं आधीच माहीत असतं आणि अभिप्राय शिकवण्यावरून घसरून विषयाच्या वादात जातो. संशोधक आणि प्राध्यापक यांचा मिश्र गट मात्र, माणसं वेगवेगळ्या विभागांची असतील तर, शुद्ध गटापेक्षा चांगला चालतो.

पाठाला विषय कोणता घ्यावा? पहिल्याला छंद चालेल, ओरिगामी, गाठी मारणं, काहीही, भीड चेपते. पुढचे दोन आपल्या विषयातलेच घ्यावेत, आणि त्यांतला एक येत्या सत्रात खरंच शिकवायचा असलेला. तिन्ही पाठ छंदावर घेणारे लोक तीन दिवस मजेत काढतात आणि वर्गात परतल्यावर पुन्हा जुन्या व्याख्यानावर येतात.

काय मिळत नाही

दहा मिनिटं आणि पाच माणसं यांवर शिकलेलं पन्नास मिनिटं आणि दोनशे विद्यार्थ्यांना जसंच्या तसं लागू होत नाही. चिठ्ठ्या वाटून दोनशे जणांकडे वाकून बघता येत नाही. तिथे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर यांनी १९९० च्या दशकात हार्वर्डमध्ये रुळवलेली पीअर इन्स्ट्रक्शनची रीत जास्त उपयोगी: बहुपर्यायी प्रश्न, प्रत्येकाचं आधी एकट्याचं मत, बरोबर उत्तर देणारे साधारण ३० ते ७० टक्के असतील तर शेजाऱ्याशी वाद घालायला लावायचा आणि पुन्हा मत घ्यायचं. ३० च्या खाली असतील तर परत समजावायचं, ७० च्या वर असतील तर पुढे जायचं. तत्त्व तेच आहे, चाचपणी करून वाट बदलण्याचं. पण कार्यशाळेत हे आलं तर सुलभकाच्या मर्जीने.

अभ्यासक्रम बांधणं यात नाही. त्यासाठी बऱ्याच विद्यापीठांत वेगळी कार्यशाळा असते आणि ती आयएसडब्ल्यूनंतर करावी.

संशोधक विद्यार्थ्यांच्या दृष्टीने सगळ्यात मोठी उणीव तपासणीची. ट्युटोरियल घेणाऱ्यांचा बराच वेळ वर्गात न जाता उत्तरपत्रिका आणि प्रयोगवह्यांत जातो, आणि त्याबद्दल या २४ तासांत जवळजवळ काही नसतं. आयोजकांनी अर्धा दिवस जोडायला हवा. त्यात भरायला फार काही लागत नाही: पाच उत्तरपत्रिकांच्या प्रती सगळ्यांना द्यायच्या, प्रत्येकाने स्वतंत्र गुण द्यायचे, मग फळ्यावर शेजारी शेजारी लिहायचे. एकाच उत्तराला दहापैकी चार आणि आठ पडलेले दिसले की गुणदानाची निकषसारणी, म्हणजे कशाला किती गुण याचा तक्ता, का लागते ते कुणाला समजावावं लागत नाही. पुढे एक शिस्त शिकवायची: आधी सगळ्यांचा पहिला प्रश्न, मग सगळ्यांचा दुसरा, आणि प्रत्येक प्रश्नाला गठ्ठ्याचा क्रम बदलायचा. एकेक पूर्ण उत्तरपत्रिका तपासली की पहिल्या उत्तराची छाप दुसऱ्यावर पडते, आणि गठ्ठ्याच्या तळाशी असलेल्यांना दमलेला परीक्षक मिळतो.

इतर पर्यायांशेजारी ठेवून

सत्राच्या सुरुवातीला होणारं एक दिवसाचं उद्बोधन नियम, हजेरी, संगणक प्रणाली एवढ्यापुरतं ठीक. शिकवणं त्यात येत नाही, कारण दिवसभर कुणीच शिकवत नाही, सगळे ऐकतात. व्याख्यान देऊ नका असं सांगणारं तीन तासांचं व्याख्यान अजूनही होतं. ऑनलाइन अभ्यासक्रमांपैकी अमेरिकेतल्या सर्टल या विद्यापीठांच्या जाळ्याने पदवी स्तरावर विज्ञान-गणित शिकवण्यासाठी तयार केलेला अभ्यासक्रम भक्कम आहे. त्यात संशोधनाचा आधार चांगला मांडलेला आहे, आणि तो खास पीएचडी व पोस्टडॉक करणाऱ्यांसाठी बेतलेला आहे. पण तुमचा पाठ बघून 'मी इथे हरवलो' म्हणणारा माणूस त्यात नाही. वाचायला तो आणि करायला आयएसडब्ल्यू, अशी जोडी लावावी. ब्रिटनमधल्या ॲडव्हान्स एचई या उच्च शिक्षणातल्या संस्थेची असोसिएट फेलो किंवा फेलो ही मान्यता वेगळ्या जातीची गोष्ट आहे. तिथे तुम्ही काय करता याचा पुरावा मांडायचा असतो, आणि आयएसडब्ल्यूचे टाचण-अभिप्राय त्या पुराव्यात उपयोगी पडू शकतात.

आयएसडब्ल्यूची ऑनलाइन आवृत्तीही चालते. ज्यांना पुढे ऑनलाइनच शिकवायचं आहे त्यांनी ती जरूर घ्यावी. बाकीच्यांनी खोलीतली निवडावी, कारण वर्गाकडे पाठ करून फळ्याशी बोलणं, टेबलामागे लपणं, मागच्या बाकापर्यंत आवाज न पोचणं हे पडद्यावर दिसत नाही. ऑनलाइन गट पाचाच्या वर नको आणि एका दिवसात सलग सहा तास तर अजिबात नको.

कार्यशाळेनंतर

एकदा करून सोडली तर दोन-तीन महिन्यांत तिचा असर ओसरतो. पाठपुरावा कुणी सहसा करत नाही, तो आपण लावून घ्यायचा. गटातल्याच एकाला सत्राच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात आपल्या खऱ्या तासाला बसवा. शेरे लिहायला सांगू नका, नोंद करायला सांगा. २०१३ साली प्रसिद्ध झालेली कोपस नावाची नोंदपद्धत यासाठी सोयीची आहे: दर दोन मिनिटांच्या चौकटीत शिक्षक काय करतोय आणि विद्यार्थी काय करतायत याच्या ठरलेल्या खुणा टाकत जायच्या. खुणा एकूण २५, आणि शिकायला दीड तास पुरतो. विज्ञान शाखांसाठी ती बनवली असली तरी इतरत्रही चालते. चांगलं-वाईट ठरवण्याचा रकानाच तिच्यात नसल्याने दोघांचीही भीड राहत नाही. पन्नास मिनिटांच्या पंचवीस चौकटींपैकी किती चौकटींत विद्यार्थी नुसते ऐकत होते एवढा एकच आकडा काढला तरी बोलायला भरपूर विषय मिळतो.

कार्यशाळा सत्र सुरू होण्याच्या दोन-तीन आठवडे आधी गाठावी. सत्र ऐन भरात असताना रोज रात्री दुसऱ्या दिवशीचा पाठ बसवायला वेळ मिळत नाही, आणि टाचणाला प्रत्येक पाठामागे दोन तास तरी जातातच. फार आधी केली तर वापरायला वर्गच नसतो. जाताना चिठ्ठ्या, जाड पेन आणि सेकंद दाखवणारं घड्याळ सोबत घ्या. लेखी अभिप्रायाचे कागद मात्र आयोजकांकडे जमा करू नका. ते तुमचे असतात, आणि पुढच्या सत्राचं पहिलं टाचण लिहिताना शेजारी लागतात.